दादाचे डबे, माझे स्पीकर

रविवार, १८ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी असेल, वहिनीचा खोकला गेला असेल आणि तू अजून माझ्यावर धुमसत असशील, असं धरून चालते. पत्र कशाला, म्हणशील. तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. इथे तुला मध्येच बोलता येणार नाही. बस आता ऐकत!

तुझे डबे पोचले. काय रे हे, दादा! मी फक्त म्हटलं की घरच्या खोलीत रेकॉर्डिंगवर काम करायला छोटे मॉनिटर स्पीकर घेतलेत, तर तू स्टुडिओतली मोठी जोडीच टेम्पोत घालून पाठवलीस? टेम्पोवाल्याने दार बघितलं, डबा बघितला आणि मला विचारलं, "ताई, भिंत पाडायची का?" एक कसाबसा आडवा होऊन आत आला. दुसरा जिन्याखाली उभा आहे आणि शेजारच्या आजींनी त्याच्यावर कुंडी ठेवलीय.

आत आलेला लावून बघितला हं. तू एवढ्या मायेने पाठवलास, तर निदान ऐकायला हवं. रेकॉर्डिंगमधली चेलोची जाडी तार वाजली मात्र, कपाटातले हँगर किणकिणायला लागले. नवरोबा अंगाला साबण लावलेला, न्हाणीघरातूनच ओरडला, "काय पडलं गं?" माझी खोली म्हणजे आधीची इस्त्रीची खोली. हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. एवढ्याशा जागेत तो आवाज बिचारा जाणार कुठे? कोपऱ्यात साचतो आणि नुसता घुमत बसतो.

आता तुझी पैज. "त्या खेळण्यांवर एक तरी काम पुरं करून दाखव, नाहीतर मुकाट्याने परत ये, तुझी खुर्ची तशीच ठेवलीय," असं म्हणाला होतास ना? चेलोवाल्या काकांची नवी रेकॉर्डिंगं मी तेवढ्यासाठीच कामाला घेतली. त्याचं काय झालं ते सांगते. पण आधी खेळण्यांबद्दल ऐक, मला दम धरवत नाहीये!

काय चीज आहे, दादा! जाडा शब्दकोश उभा ठेवावा एवढा एकेक. खालच्या सुरांना पाच इंची वूफर, वर बारीक सुरांना इवलासा ट्वीटर, आणि मागे एक बटण, भिंतीजवळ ठेवायचे असतील तर खालचा आवाज आवरायला. पहिल्या दिवशी लावले आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या, एकटीच. हळू आवाजात लावले तरी काकांचा गज तारेवर घासतो ते कळतं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, आणि चेलो बरोबर मधोमध, टेबलावर येऊन बसल्यासारखा.

आणि मग मी शेण खाल्लं. टेबल कोपऱ्यात होतं, म्हणून स्पीकरही कोपऱ्यात ठेवले, पाठ अगदी भिंतीला टेकवून. खालचा सूर असा काही फुगला की मी तो कापत सुटले. काकांनी पहिली गत गाडीत लावून ऐकली आणि फोन केला, "पोरी, माझा चेलो उपाशी ठेवलास का गं?" दोष स्पीकरचा नव्हताच, खोली मला फसवत होती. तुझ्याकडे बाबांनी बांधलेली तयार खोली, तिथे असल्या फसवणुकीशी माझी कधी गाठच पडली नव्हती. त्या दिवशी मी रडले. तुला फोन लावायला घेतला होता, खरं सांगते.

नाही लावला. टेबल ओढून आखूड भिंतीच्या मध्यावर आणलं. स्पीकर भिंतीपासून सोडवले, ट्वीटर कानाच्या रेषेत यावा म्हणून खाली विटा घातल्या, मागचं बटण खाली केलं आणि घरातल्या सगळ्या रजया कोपऱ्यांत उभ्या केल्या. नवरोबा थंडीने कुडकुडतोय, पण आवाज ऐकशील तर खूश होशील!

पैसे वसूल का, हा तुझा नेहमीचा प्रश्न. तर ऐक. सगळ्यात खालचा सूर हे पुरता देत नाहीत, तिथे मी हेडफोनवर खात्री करून घेते. काही वाजत नसलं की बारीक 'स्स' ऐकू येतो. मोठ्या हॉलसाठी घेशील तर फसशील. पण हाताच्या अंतरावर बसून, शेजाऱ्यांच्या शिव्या न खाता काम करायचं असेल तर वसूल, अगदी दामदुप्पट वसूल. इथे याहून मोठं काही घेणं म्हणजे कोपऱ्याला खुराक घालणं आहे.

सरावासाठी मी काकांची जुनी रेकॉर्डिंगं लावली, तू आणि मी केलेली. दादा, त्यात काकांचा श्वासच नाही रे. तो धिप्पाड चेलो गुडघ्यांत धरून ते प्रत्येक ओळीआधी नाकाने श्वास घेतात, माहितीय ना? मी तो ठेवला होता. तू येऊन कापलास.

तू नेहमीच यायचास. माझं काम संपत आलं की मागून यायचास, "सरक जरा" म्हणायचास आणि शेवटचा हात फिरवायचास. कधी केसभर, कधी पुष्कळ. बहुतेक वेळा चांगलंच व्हायचं, मी नाही कशाला म्हणू? पण काम आपल्या हातून संपतं तेव्हा कसं वाटतं, ते मला कधी कळलंच नाही. तिथून निघाले ती त्यासाठी. नवऱ्याची बदली हे निमित्त होतं, तुला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं.

या वेळी मी श्वास ठेवले. काका काल सकाळी आले. घरात नाही ऐकलं, खाली गाडीत जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. सगळं वाजून संपलं असणार, तरी माणूस उतरेना. शेवटी मीच खाली धावले. काच खाली करून म्हणाले, "हा मी आहे गं." मग विचारलं, "शेवटचा हात कुणी फिरवला? दादाने?"

"मी," म्हटलं. दादा, एवढा छोटा शब्द, पण म्हणायची ही पहिलीच वेळ.

तर पैज मी जिंकले. आणि आता, इतकी पानं जे टाळतेय ते लिहिते. हरले असते, तरी मी परत येणार नव्हते. रागाने नाही, शपथ. मला जे येतं ते सगळं तुझं आहे आणि तुझ्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. म्हणूनच हे तोंडावर सांगायला धीर होत नव्हता. माझ्या खुर्चीवर आता दुसऱ्या कुणाला तरी बसव.

तुझे डबे उद्या टेम्पोने निघतायत. मी त्यांच्याबरोबर येत नाहीये.

तू मात्र ये. लवकर ये, मला तुला ऐकवायचंय! खोलीत दुसरी खुर्ची मावत नाही, तेव्हा माझ्या जागेवर तू बस, मी दारात उभी राहीन. जे खटकेल ते स्पष्ट सांग, मी मनापासून ऐकेन. बटण फिरवायचंच ठरलं, तर ते मी फिरवेन.

तुझ्याच हाताखाली तयार झालेली,
आणि तरीही तुझीच,

धाकटी