थिजलेलं चित्र

दि. ११ फेब्रुवारी २००८
सोमवार, संध्याकाळ

चि. बारक्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. तिकडे घरची सगळी बरी असाल. पंपघरात माझी सध्या दुपारपाळी आहे, आज रजा टाकली. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण ती काही बसत नाही. आईचं पुढे लिहितो.

गुरुवारी सकाळी प्रार्थनेला न बसताच घराबाहेर पडलो आणि संगणकाच्या दुकानाचं शटर उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. तू दर रविवारी टोचतोस ना, "दादा, हात जोडून मशीन पळत नाही, ड्युअल-कोर टाक," म्हणून. रविवारी तू पडद्यावर आईशी बोलतोस तेव्हा चित्र अडकतं, हे सगळं मेकॅनिकने ऐकून घेतलं.

"काका, तुमच्या प्रोसेसरला एकच डोकं. दोन कामं सांगितली की गांगरतो. ड्युअल-कोर म्हणजे दोन डोकी. एक चित्र सांभाळेल, दुसरं बाकीचं."

"म्हणजे मागे व्हायरसची तपासणी चालू असली तरी बोलणं अडकणार नाही?"

"अजिबात नाही. पण भाऊ आईशी बोलत असताना तपासणी लावतंय कोण?"

विचार करून सांगतो म्हणत उठलो. तो हसला. "काका, लोक लग्नाला एवढा विचार करत नाहीत!"

बारक्या, तपासणी मी लावत होतो.

आई न्हाणीघरात घसरली असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. त्या सकाळी तुझी वहिनी दळण आणायला गेली होती आणि मी डोळे मिटून प्रार्थनेला बसलो होतो. आतून आईने हाक मारली. ऐकली मी. मनात म्हटलं, एवढं संपवून उठू, देवाच्या कामात मध्येच कसं उठायचं? तिने परत हाक मारली. मी आवाज चढवून म्हणत राहिलो. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती एकटीच खाटेवरून उतरायला गेली होती. खुबा मोडला तो तेव्हा.

तेव्हापासून तिला बाकी फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं. नर्स आली की नर्सला, भिंतीकडे तोंड असलं की भिंतीला सांगते, "मी हाक मारली. दोनदा मारली. हा बसून राहिला."

रविवारी पडद्यावर तू दिसलास की तिचा चेहरा उजळतो. पोरा, जेवलास का, विचारते. आणि मग "मी हाक..." एवढं तिच्या तोंडून निघालं की मी तपासणी सुरू करत असे. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. तू तिकडून ओरडायचास, "दादा, आईचं तोंड उघडंच राहिलंय बघ! किती दिवस ओढणार हा खटारा?" आणि मी जुन्या मशीनला शिव्या द्यायचो. चार महिने हेच केलं.

कालही केलं. या खेपेला तुझी वहिनी मागे उभी होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिची हाक एकदा अडवलीत. आता दर रविवारी अडवताय."

मी जेवलो नाही. डॉक्टर परवाच सांगून गेलेत की आता महिन्यांची भाषा नको. ती गेली तर तिचं ते एक वाक्य तिच्यासोबत जाईल आणि मी सुटेन, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. आईच्या बाबतीत, बारक्या. प्रार्थनेला बसलो की आता मला देव ऐकू येत नाही, ती दोन हाकाच ऐकू येतात.

आज सकाळी मेकॅनिकला घरी बोलावलं. जुना प्रोसेसर काढून त्याने माझ्या हातावर ठेवला. बिस्किटाएवढाही नाही. नवा बसवून तो गेल्यावर मी कॅमेरा आईच्या खाटेकडे वळवला आणि व्हायरसची तपासणी मुद्दाम चालू केली. आईने माशी हाकलली, पडद्यावरही हाकलली. कुठे काही अडलं नाही.

पत्र शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी नेहमीच्या वेळी समोर बस. ती सांगायला लागली की मध्ये बोलू नकोस, तिला पुरतं सांगू दे. मी खाटेशेजारीच असेन, तुला दिसेन असा. नंतर मला काय म्हणायचं ते म्हण.

हाक ऐकूनही न उठलेला
तुझा दादा