ताकदीच्या गोळ्या

३ फेब्रु., मंगळ.
र. गोळ्या न्यायला आलाच नाही. एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमचा माणूस, तुम्हीच शोधा." माझा माणूस म्हणे! गोळ्या चुकवणाऱ्यांच्या घरी जायचं काम माझं, एवढंच.
फुलपाड्याला र.च्या घरी गेले. रिक्षा दारात, सीटवर कोंबडी बसलेली. बायको म्हणाली, भावांनी उचलून कळंबला व्यसनमुक्तीत टाकला. पावडर सुटेपर्यंत तिथंच. एचआयव्हीचं भावांना माहीत नाही, तिथंही सांगितलं नाही. सांगितलं तर ठेवणार नाहीत.
गोळ्या दवाखान्यात, हा तिकडे. शाबास.

५ फेब्रु., गुरु.
कळंब. सुरूच्या झाडांमागं सुट्टीवाल्यांचं जुनं कॉटेज. पोहायच्या टाकीत पाणी नाही, खाली सतरंजी टाकून सगळ्यांना बसवलेलं. चालवतो त्याला सगळे भाऊ म्हणतात. गावातलाच, स्वतः पावडर सोडलेला.
"गोली कसली पन असूदे, आत नाय."
म्हटलं, डॉक्टरची आहे.
"मी पन डॉक्टरच्याच खायचो, मावशी."
मग म्हणाला, ताकदीच्या चालतील.
र. भेटला. नुसती हाडं. "इथं बोलू नकोस. हाकलतील. बाहेर गेलो की मी परत घेणार, मला माहितीय."

७ फेब्रु., शनि.
ताकदीच्या गोळ्यांची डबी घेतली, त्यातल्या काढून र.च्या भरल्या, घरी पोचवते म्हणून दवाखान्यातून आणलेल्या. भाऊच्या हातात दिली. सिस्टरना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या.

१९ फेब्रु., गुरु.
भाऊ खूश. "मावशी, त्या गोल्या भारी होत्या. अजून आना."
महिन्याची डबी रिकामी!
"सगल्यांना वाटल्या. घरून आलेलं एकट्यानं खायचं नाय. डझनभर केली आली तरी वाटायची, हा आपला नियम."
एक म्हातारा वर दात काढून म्हणतो, मला तर भूक लागली त्यानं.
र.ला बाजूला घेतलं. तू काय करत होतास?
"काय बोलू? वाटू नका, ही माझी एचआयव्हीची हाय, असं?"
बरोबर आहे. अक्कल माझीच गेली.

२० फेब्रु., शुक्र.
डॉ.ना विचारलं, दुसऱ्या कोणी चुकून खाल्ल्या तर? "थोड्यानं बहुतेक काही होत नाही. कावीळ असलेला असेल तर त्याला आणून दाखवा. कोणी खाल्ल्या?"
म्हटलं, सहज विचारलं.
सुया एकमेकांच्या टोचलेली ती माणसं. कावीळही सुईतूनच पसरते, त्यात ती नसलेला कोण निघणार?
र.च्या बायकोला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तोंड उघडू नका, मावशी. तो घरी आला की स्टेशनमागं पावडर घ्यायला जाणार. मग गोळ्या काय करायच्या?"
तिचं खोटं नाही. पण

२३ फेब्रु., सोम.
भाऊचा फोन. त्या म्हाताऱ्याचे डोळे पिवळे झाले. "गोल्यांत काय होतं?"
म्हटलं, आधी त्याला दवाखान्यात ने. येते मी.
आधीपासूनचं असेल. असेलच. पण मला काय माहीत.

२४ फेब्रु., मंगळ.
म्हातारा ॲडमिट. डॉ.ना सगळं सांगितलं, खाल्लेल्या शिव्या लिहीत नाही. र.च्या नव्या गोळ्या मिळाल्या.
मग कळंब. आधी र.ला विचारलं, भाऊला सांगू का? तुझ्या परवानगीशिवाय बोलणार नाही. तो म्हणाला, "बोल. म्हातारा मेला तर मला नको ते."
भाऊला सांगितलं. वाटलं आता हाकलतो. तो टाकीच्या कडेला बसला.
"मी पन सुया घेतल्यात, मावशी. माझी तपासनी कधी केली नाय."
म्हटलं, उद्या दवाखान्यात ये, मी असते तिथं.
"सकाली येतो. माझं काय ते कलू दे, मग ह्याचं बघू. तोपर्यंत गोली आत नाय."
हे कुठलं शहाणपण! पण स्वतःहून तपासणीला येतो म्हणाला, म्हणून वाद घातला नाही.

२५ फेब्रु., बुध.
दवाखाना बंद होईपर्यंत बाकावर बसले. भाऊ आला नाही. फोन बंद.
र. तिकडे कळंबला, त्याच्याच ताब्यात. गोळ्या माझ्या पिशवीत.