कोरड्या टाकीतलं शेवाळ

कवठे महांकाळ,
दि. ६ मे २०२४

ती. सौ. उत्कर्षाअक्कास,
धाकट्या मल्हारचा सा. न. वि. वि.

तू माझा नंबर बंद केलास, आईच्या मोबाइलमधूनही काढून टाकलास, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर माझ्याकडं बघतच राहिले.

इकडं ठीक आहे. खरड छाटणी होऊन महिना झाला. एप्रिलला द्राक्षबाग कापली की नुसते खुंट दिसतात, नवख्याला वाटतं बाग मेली. आता वीतभर फूट आलीय. दारू सोडायच्या केंद्रात आमचे सर म्हणायचे, माणसानं निसर्गाकडं बघून शिकावं. साप कात टाकतो, झाड पानं टाकतं आणि नव्यानं सुरुवात करतं. तेव्हा मला हसू यायचं. आता रोज बागेत फिरताना पटतं. माझीही खरड छाटणी झाली असं समज. चौदा महिने थेंब घेतलेला नाही, शेजारच्या नाथाजीला विचार.

आईला आता पाठव. ती टाकीजवळ पडली त्याला दोन वर्षं झाली, मनगटही जुळलं. टाकीजवळचं शेवाळ मी घासून काढलंय, पुन्हा पाय घसरायचा नाही. अण्णांनी आणि तिनं घागरीनं पाणी घालून ही बाग जगवली. ते गेले तरी तिचा जीव इथंच आहे.

दाजींना नमस्कार, शिवांजलीला मामाचा पापा. माया पातळ केलीस तरी लोभ असू दे आणि उत्तर धाड, एवढंच मागणं.

तुझा,
मल्हार


सातारा,
दि. १४ मे २०२४

चि. मल्हार यास,

‘चि.’ सवयीनं लिहिलं गेलं. पुढचे आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

पत्र वाचून डोकं फिरलं. दोन वर्षांनी तुला कंठ फुटला आणि तू मला झाडापाल्याचं शहाणपण सांगतोस? कात टाकलेला साप सापच असतो, उलट जास्त चपळ होतो. आणि बागेची छाटणी बाग स्वतः करत नाही, माणूस कात्री घेऊन करतो. तुझ्यावर कात्री कोणी चालवली ते सांग. मला तर तू सरांची वाक्यं पाठ करून आलेला दिसतोस.

मी वीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे. आईला माझ्याकडं आणलं त्या दिवशी तिची चोळी मीच बदलली. शेवाळावर पाय घसरला तर दंडावर चार बोटं उठत नाहीत. ती आजही म्हणते, घसरले. मी विचारलं की तोंड फिरवते आणि गहू निवडायला बसते. तिला घरी यायचंय हेही खरं. दर अमावास्येला विचारते, बिरदेवाला निवद कोण दाखवत असंल. तिच्या त्या विचारण्यानं मला रडू येतं आणि तुझा संताप येतो.

आईला पाठवणार नाही. लोभाची मागणी करायला तू अजून लायक नाहीस.

उत्कर्षा


कवठे महांकाळ,
दि. १० जून २०२४

सौ. अक्कास,
नमस्कार. तुला नको असला तरी.

तुझं पत्र वाचून ताट तसंच सारलं. तू साताऱ्यात पंख्याखाली बसून न्याय करतेस. अण्णा गेले तेव्हा तेराव्याला आलीस आणि चौदाव्याला ड्युटी म्हणून गेलीस. नंतर आलीस ती द्राक्षांच्या पेट्या न्यायला. फवारणी कोणी केली, गारपिटीत वेलींवर प्लास्टिकचा कागद धरून कोण उभं राहिलं, कधी विचारलंस? आईला तू मायेनं ठेवून घेतलंस की शिवांजलीला शाळेतून आणायला बाई मिळाली म्हणून, हे एकदा स्वतःलाच विचार.

आई सांगते घसरले, म्हणजे घसरली. तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं काय?

आणि बागेचं मी बोलणारच. या दिवसांत काडीवरच्या कोंबाच्या डोळ्यात आतल्या आत घड तयार होतो. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाल्यावरच घड बाहेर पडतो. तोवर धीर धरावा लागतो. माणसालाही तेवढा वेळ द्यावा.

माझा राग आला असेल तर येऊ दे. मलाही आलाय.

मल्हार


सातारा,
दि. २ सप्टेंबर २०२४

मल्हार,

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण तुझ्या पत्रातली एक गोष्ट खरी होती आणि ती मला झोंबली. आई शिवांजलीला शाळेतून आणते. मला त्याची सोय झाली होती. जुलैपासून रिक्षा लावली. अण्णांच्या वेळचंही तुझं बरोबर आहे. मी पळाले. त्या घरात मला कधीच राहवत नव्हतं, ते का, हे पुन्हा कधी.

पण तुझं घडाचं गणित माझ्यापुढं चालणार नाही, मीही त्याच बागेत वाढलेय. ऑक्टोबरपर्यंत धीर धरणारा बागायतदार मला दाखव. सप्टेंबर लागला की तुम्ही सगळे काड्यांच्या जुड्या बांधून तपासणीला धावता. तिथं डोळा ब्लेडनं उभा चिरतात, यंत्राखाली धरतात, आणि आत घड आहे की नुसती वांझ बाळी आहे ते सांगतात. वेलीवर तुझा विश्वास नाही, तिचा डोळा तू चिरून बघतोस. मग मी तुझ्यावर आंधळा विश्वास का ठेवू?

तेव्हा आता तूच चिरून दाखव. टाकीजवळ काय झालं ते लिही. वेल नको, साप नको, सर नकोत. तू काय केलंस तेवढंच. मी ते आईला वाचून दाखवीन, शब्द गाळणार नाही. मग ती म्हणेल तसं करीन. जायचं म्हणाली तर स्वतः एसटीत बसवून देईन, माझं तोंड बंद.

हे जमणार नसेल तर पुन्हा पत्र टाकू नकोस.

उत्कर्षा


कवठे महांकाळ,
दि. २९ सप्टेंबर २०२४

ती. आईस आणि अक्कास, सा. न.

चार कागद फाडले. हा पाचवा.

त्या दिवशी मी दुपारीच पिऊन आलो. पुन्हा जायला निघालो तर आईनं गाडीची किल्ली ओच्यात बांधली. मी मागितली, तिनं दिली नाही. मी तिचा दंड धरला आणि तिला टाकीवर ढकललं. ती हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली पडलेली असताना मी ओच्यातनं किल्ली सोडून घेतली.

दवाखान्यात नेताना मीच म्हणालो, घसरली म्हणून सांग. शेवाळाचं निमित्तही मीच शोधून काढलं. टाकी महिनाभर कोरडी होती, टँकर आला नव्हता. टाकीजवळ शेवाळ नव्हतंच. मे महिन्यातल्या पत्रात ते घासून काढलं म्हणून लिहिलं, तेही खोटं.

आई, माझं चुकलं. 

मल्हार


सातारा,
दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. मल्हारास,
आईचा आशीर्वाद. देऊ नगं असं मनात आलं हुतं, पर देतीया.

मी सांगतीया, उत्कर्षा लिवतीया. तिला म्हनलंय, माझं बोलनं हाय तसं लिव, साताऱ्याचं करू नगं.

तुझं पत्र तिनं वाचलं तवा मी लसून सोलत हुती. पयल्यांदा वाटलं, लेकरानं खरं लिवलं, झालं. लगीच पिशवी भराय घेतली. लुगडी घातली, चष्मा घातला. मग कापडाची घडी करताकरता हात दुखाय लागला आन् तशीच बसून ऱ्हायली. उत्कर्षा म्हनाली, सकाळची गाडी बघू का. म्हनलं, थांब.

दोन वर्सं सगळ्यास्नी सांगितलं, पाय घसरला. डाक्टरला सांगितलं, भावकीत सांगितलं, नातीला सांगितलं. सांगून सांगून मलाबी खरं वाटाय लागलं. तुझा राग कवा आलाच न्हाई, शेवाळावर कोन रागावतं? आता तू लिवलंस, मी ढकललं. तवा राग आला. लय आला. भांडी घासताना आला, देवाम्होरं बसल्यावर आला. तुझा बाप मारायचा तवा त्याच्यावर यायला पायजे हुता, तवाबी आला नव्हता. हे लिवताना उत्कर्षाचा हात थांबलाय. तिला म्हनलं, लिव, तुलाबी ठावं हाय.

तवा मी येत न्हाई. पिशवी सोडली. तू खरं लिवलंस ते बरं केलंस, पर खरं लिवलं म्हंजी फिटलं, असं नसतंय. दारू पिऊ नगं. येळंला जेव. मला रागात ऱ्हाऊ दे. साठ वर्सांनी आलाय, इतक्यात घालवत न्हाई. माझं मन झालं तर मी यीन, न्हाईतर तू ये आन् दारात हुबं ऱ्हा, आत घ्यायचं का ते मी ठरवीन.

उत्कर्षा खाली ‘लोभ असावा’ लिवाय लागली हुती. म्या म्हनलं, लोभ हायच, त्यो लिवाय लागत न्हाई. राग लिव.

तुझी आई,
सुलाबाई