सासूबाई रांगेत उभ्या राहतात

तीर्थरूप मामांना, नळीत फुंकून शुद्धीत असल्याचं सिद्ध केलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? मामींच्या कानात शिट्टी वाजायची ती थांबली का, की त्या अजून तुम्हालाच गप्प बसायला सांगतात? तुमच्या गाडीचा मागचा दरवाजा आतून उघडत नाही, तो एव्हाना दुरुस्त केला असेल तर चांगलंच. पण मला सोडायला निघालात त्या दिवशी तो उघडला असता, तर मी दुसऱ्याच सिग्नलला उतरून पसार झालो असतो आणि तुम्ही व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात रिकामी गाडी घेऊन पोहोचला असता. इकडे सगळे ठीक आहेत. मला झोप लागते, भूक लागते, हात थरथरत नाही. म्हणून हे अक्षर तुम्हाला अनोळखी वाटेल. माझंच आहे.

तुम्ही फोनवर विचारलंत, की संध्याकाळी पेशंटला घरी सोडतात ते कसलं इस्पितळ. मामा, ते इस्पितळ नव्हे, शाळा आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. सकाळी डबा घेऊन जायचं. दारात नर्सबाई नळी पुढे करतात, तीत फुंकायचं. मग गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून आदल्या संध्याकाळी मन कुठेकुठे घसरलं ते एकेकानं सांगायचं. मग व्यायाम (त्याबद्दल न लिहिलेलं बरं), जेवण, आणि दुपारी हाताला काहीतरी काम, कारण आमच्यापैकी बहुतेकांना संध्याकाळ रिकामी पडली की तिचं काय करावं हेच कळत नाही. मी शिवणकाम घेतलं. आता मला शर्टाला बटण लावता येतं. पहिलं बटण मी शर्टाबरोबर स्वतःच्या विजारीलाही शिवलं होतं आणि उठताना ते ध्यानात आलं, पण शिकताना असं व्हायचंच.

आमच्या गोलात एक क्रेनवाला आहे. इतकी वर्षं आभाळात बसून लोखंड उचलायचा, आता स्टुलावर चढायचं म्हटलं तरी कोणीतरी खाली धरावं लागतं. दुसरा निवृत्त रेफ्री, त्याला झोपेच्या गोळ्यांनी धरलं. गोळ्या सुटल्या, शिट्टी सुटली नाही. कोणी थाप मारतोय असं वाटलं की वाजवतो. आणि मी हा असा, कवळ्या करणारा. धंद्याची खोड म्हणून समोरचा बोलायला लागला की मी त्याच्या दातांकडे टक लावून बघतो. समुपदेशक बाईंचा समज झाला, की मी जीव ओतून ऐकतोय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सर्वांपुढे उत्तम श्रोता म्हणून जाहीर केलं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. (त्यांची वरची डावी दाढ मात्र काढायला झाली आहे.)

आता मुद्द्यावर येतो. आठवड्यातून एकदा तिथे कुटुंबाचा तास असतो. घरच्या माणसानं यायचं आणि आमच्यामुळे काय सोसलं ते सांगायचं, आणि आम्ही मध्ये तोंड न घालता ऐकायचं. तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, सोसायचंही मीच आणि तिकीट काढून सांगायलाही जायचं मीच, हे कुठलं शास्त्र? मग त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठल्या, विणकामाची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, मी जाते.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून आमचं संभाषण मीठ इकडे द्या यापलीकडे फारसं गेलेलं नाही. म्हणजे न बोललेल्याचा साठा किती असेल विचार करा. त्या आल्या, गोलात बसल्या, सुया काढल्या. पहिल्या तासाला क्रेनवाल्याला विचारलं, की आईला शेवटचा फोन कधी केला. तो रडायलाच लागला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली, तर त्याच्या हातातून ती काढून घेऊन पिशवीत टाकली, सुटायच्या वेळी परत दिली. समुपदेशक बाईंना सांगितलं, की खुर्च्या इतक्या लांब मांडल्यात की माणसाला ओरडून खासगी बोलावं लागतं. दुसऱ्या दिवशी खुर्च्या जवळ आल्या. मग सासूबाई कुटुंबाच्या तासाशिवायही यायला लागल्या, दुपारी विणकाम शिकवायला. बाईंनीच बोलावलं म्हणे. मामा, ज्या एका जागी मला घरापासून सुटका होती, तिथे माझी सासू शिक्षिका म्हणून रुजू झाली.

त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. शिव्या येणार याची तयारी होती. पण त्यांनी सुई थांबवून एवढंच सांगितलं:

"शुद्धीत असले की हे मला आई म्हणतात. प्यायले की मातोश्री म्हणतात, वाकून, फार अदबीनं. दारातून मातोश्री ऐकू आलं की मी नातीला घेऊन आतल्या खोलीत जायची आणि कडी लावायची. इतका मान मला नको होता."

त्या दिवशी मग मी कोणाचे दात बघितले नाहीत.

यानंतर माणूस सुधारतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी केंद्राकडे निघालो असताना मला कवळ्यांची कामं देणाऱ्या दंतवैद्यांचा फोन आला, की माझी कामं त्यांनी दुसऱ्याला दिली, तुम्ही आधी बरे व्हा. आवाज इतका गोड, की भांडायलाही जागा नाही. मी एक थांबा आधी उतरलो. त्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. दुकान नुकतंच उघडत होतं, पुढे चारपाच माणसं होती, मी रांगेत लागलो. डोकं अगदी रिकामं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्याला सुईचं टोक लावलं. वळून बघतो तर सासूबाई. लोकर घ्यायला त्या बाजूला आल्या होत्या, आणि आमचं नशीब असं, की मी त्यांना नेमका तिथेच दिसलो.

"काय घेताय?" त्यांनी विचारलं.

मी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिलो.

"तुम्ही जे घ्याल तेच मला. तुम्ही जितकं प्याल तितकंच. बघू तरी काय आहे त्यात."

मी हळू आवाजात म्हटलं, आई, घरी चला. त्या हलल्या नाहीत. रांग पुढे सरकली तशा त्याही सरकल्या. पुढचा एक जण मागे वळून बघत, काही न घेताच निघून गेला. खिडकीपाशी दुकानदारानं माझ्या डोक्यावरून पाहत विचारलं, आजी, काय देऊ? सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, की हे सांगतील. मामा, मी आजवर अनेक दुकानांत अनेक बाटल्यांची नावं घेतली आहेत, पण त्या क्षणी एकही तोंडातून फुटेना. शेवटी मी दुकानदाराला म्हटलं, पाण्याची बाटली आहे का. नव्हती. आम्ही दोघं रांगेतून बाहेर पडलो आणि केंद्रापर्यंत चालत गेलो. मी नळीत फुंकलं, गोलात बसलो आणि सासूबाईंच्या आधी मीच सगळं सांगून टाकलं. रेफ्रीनं शिट्टी तोंडाशी नेली होती, ती खाली ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी ही हकीकत लेकीला सांगितली. मी बाहेरच्या खोलीत कान लावून बसलो होतो. आतून तुमच्या सूनबाईंचं हसू ऐकू आलं. आई दारूच्या रांगेत, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होत्या आणि हसत होत्या. मग बाहेर येऊन, हसू पुसत, पुढच्या कुटुंबाच्या तासाला मी येणार आहे, एवढं सांगून आत गेल्या. त्यांच्यापाशी साठा किती आहे ते मला माहीत आहे. तरी मी वाट बघतोय.

मामींना नमस्कार.

आपला,
भाचा

ता. क. तुम्ही इकडे येऊन राहायचं म्हणत होता. एवढ्यात यायची तसदी घेऊ नका. माझ्यावर लक्ष ठेवायची आता कोणाला गरज उरलेली नाही.

ता. क. दुसरा (वेगळ्या अक्षरात). मामांना, यांच्या सासूचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आहे. वाचलं, बरं लिहिलंय. त्या रस्त्यावर लोकरीचं दुकान नाही. यांचं केंद्र सुरू झाल्यापासून मी रोज सकाळी ते दारूचं दुकान उघडायच्या आधी तिथे जाऊन थांबते. हे त्या एकाच दिवशी आले. त्यांना योगायोग वाटतो, वाटू दे. पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून तुम्ही या. दुकानासमोर बसथांब्याचं बाकडं आहे, तिथून सगळं दिसतं. वर्तमानपत्र हातात धरायला आणा. वाचत बसू नका.