वैवाहिक स्थिती

२२ नोव्हेंबर ९९, सोमवार
सहाला कॉम्प्युटर क्लास उघडला. क्लासचे सर म्हणाले होते, पहाटे फोनची लाइन मोकळी असते. कसली मोकळी! मोडेम किंचाळतं, अमेरिकेतल्या होस्टला, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या मशीनला, एकदाचं लागतं, नाव-पासवर्ड घेतं, दोन-तीन फायली चढतात की तुटतं. समाजाच्या वधू-वर मंडळाच्या वेबसाइटची चाळीस पानं चढवायचीत. प्रत्येकाचा फोटो, वर मराठी मजकूरही चित्र करूनच, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून फायली जड. दिवसभरात अकरा पानं. मान धरलीय.

२३, मंगळ.
दादा पहिली शिफ्ट संपवून धाटावच्या कारखान्यातून मोटरसायकलवर थेट पेणला. मला वाटलं, आईला भेटायला. तर सरांच्या हातात पाकीट दिलं आणि चहा न घेता रोह्याला आपल्या घरी गेला. सर म्हणाले, "हे एक वाढलंय, मॅडम."
आत माझाच बायोडेटा. दादाचं अक्षर. वय २९. अविवाहित. फोटो माझ्या लग्नातला, गळ्याच्या वर कापलेला.
मी चौतीसची. लग्नाला सात वर्षं झाली असती. दीड वर्ष सासरी, मग अलिबागचं कोर्ट. दादा प्रत्येक तारखेला बरोबर होता. एकही खाडा नाही.

२४, बुध.
सकाळपासून लाइट नाही. मशीन बंद. घरी येऊन आईला सांगितलं.
"मना नाय इचारलान त्यानी," म्हणाली. मग, "पर गो सुमन, खरा लिवलास तर येल का कोन?"
भात उतरवला.

२५, गुरु.
दहापर्यंत फोन मेलेला. तेवढ्यात माझं पान केलं. वय ३४. वैवाहिक स्थिती : घटस्फोटित. शब्द ओळीत बसेना. अक्षर लहान केलं. मग परत मोठं केलं, ओळच वाढवली. क्लासच्या ओळखपत्रावरचा फोटो स्कॅन केला. त्यात थकलेली दिसते, पण मीच दिसते.
सर बँकेत होते. चढवलं. पहिल्याच फटक्यात गेलं. हसू आलं, मग नळाखाली तोंड धुऊन आले.

२७, शनि.
दादाचा फोन. मंडळाच्या सेक्रेटरींनी पान बघितलं.
"काढ ते आधी."
म्हटलं, खोटं कशाला लिहिलंस?
"बघायला आले की सांगणारच होतो ना."
कधी सांगणार होतास?
"तुला बघितल्यावर. आधीच लिवलंस तर दारात पण कोण येत नाय गो."
चिडला असता तर बरं झालं असतं. चिडला नव्हता. बहीण अविवाहित आहे असा मंडळात शब्द दिलाय म्हणाला. मग नुसतंच, "सुमन..." आणि फोन ठेवला.

२९, सोम.
सर म्हणाले, "तुमच्या घरचं तुम्ही बघा. पण काम मंडळाचं आहे. त्यांनी दिलं तेच चढवायचं. बुधवारपर्यंत बदला." त्यांचंही बरोबरच. क्लासला गिऱ्हाईक कुठे मिळतंय.
दादाचा मजकूर टाइप करून फाईल तयार ठेवली. काही वाटलं नाही. दुसऱ्याच कोणाचं पान असल्यासारखं.

१ डिसेंबर, बुध.
आज लाइन लागली ती तुटेचना. राहिलेली सगळी पानं चढली. शेवटी माझं. स्क्रीनवर प्रश्न : या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?
तशीच बसले होते. नऊला दादा आला, रात्रपाळी करून, डोळे लाल. खुर्ची ओढून मागे बसला.
"काय विचारतंय?"
सांगितलं, दोन्ही पानं उघडून दाखवली.
बराच वेळ लग्नातला फोटो बघत होता, मग ओळखपत्रावरचा. माऊसला हात लावला नाही. "तूच दाब," म्हणाला.
मी 'नको' दाबलं.
दादाने हेल्मेट उचललं. दारात थांबून म्हणाला, "फोन नंबर माझ्या घरचा टाक. कोण काय विचारील, तुला कशाला..." गेला.
नंबर बदलून पान परत चढवलं.
आता साडेदहा. सर अकराला येतात, पान बदललं का विचारतील.