सकाळपासून दुखतंय

माय, आज मी दवाखान्यात विनाकारण सगळ्यांवर खेकसत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांवर, सिस्टरवर, फरशी पुसणाऱ्या मावशींवरसुद्धा. ऑपरेशनच्या टेबलावर मिरची वाळत घालतात त्या पथारीवरची मजूर बाई होती, तुझ्याच वयाची. म्हणजे तू गेलीस तेव्हाच्या वयाची. आता मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे. ती नणंदेबरोबर आली होती, देठ खुडून बोटं सोललेली, पोट आवळून धरलेलं. कधीपासून दुखतंय विचारलं तर नणंदच पुढे सरसावली, "सकायपासून दुखी ऱ्हायनं, मॅडम. मिरचीनी आग शे. गोळी द्या, बरं व्हई जाई." मिरचीच्या मोसमात आपल्याकडे खोकला, डोळे, पोट, सगळ्याचा आळ मिरचीवरच जातो. मी पोटाला हात लावला. लाकडी फळीसारखं कडक. सकाळपासून दुखणारं पोट असं लागत नाही. नणंदेला बाहेर काढलं, दार लावलं आणि आपल्या बोलीत विचारलं, "खरं सांग बहीण, कितला दिन व्हयनात?" ती दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चार. मुकादमले सांगू नका, तो मन्हा जागावर दुसरी बाई ठेवी दी." आणि लगेच, "मी वाचसू ना?" मी सिस्टरला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. धुऊन काढता काढता बीपी दोनदा खाली गेलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी मनातल्या मनात तुला हाक मारली, देवाला नाही. आणि मग मला तुझ्यासमोर लाज वाटली, कारण तुझ्याबद्दल मी गेली कित्येक वर्षं जगाला खोटं सांगत आले आहे.

मला अजून दिसतं, तू चुलीपुढे कळण्याची भाकर थापते आहेस आणि मी शेजारी बसून पुस्तकातला धडा मोठ्याने वाचते आहे. तुला त्यातलं अर्धं कळत नाही, पण शेजारीण आली की तू लेकीचं कौतुक ऐटीत सांगतेस, "मन्ही आंडेर सायबनी भाषा बोलस." तूही पथारीवर देठ खुडायचीस, म्हणून मोसमभर मला जवळ घ्यायची नाहीस. हात कितीही धुतलेस तरी तिखट जायचं नाही, म्हणून वेणी माझी मीच घालायची. एकदा मी तुझा हात ओढून गालाला लावला, तर केवढ्याने अंगावर आलीस, "आंधयी व्हशी ना, बाजूले सरक!" मी रुसले होते. तू जेवली नव्हतीस त्या दिवशी, हे मला मावशीने फार नंतर सांगितलं.

तुझ्यामागे तिनेच मला सांभाळलं. मग वसतिगृह, मग कॉलेज, आणि मी सर्जन झाले तसे सत्कार सुरू झाले. माइक हातात आला की मी एकच गोष्ट सांगते. आईचं पोट दुखत होतं, दवाखान्यातले डॉक्टर लांबून बदलून आलेले, त्यांना आमची बोली कळेना, मध्ये बोलायला पाचवीतली मी. आईने मला बजावलं, सकाळपासूनच सांग; मला ठेवून घेतलं तर तुझी शाळा बुडेल. एवढं म्हणेपर्यंत बाया पदराने डोळे पुसतात. येत्या रविवारी आपल्याच शाळेत पुन्हा सत्कार आहे.

तू असं काही बजावलं नव्हतंस. तू म्हणालीस, "तीन दिन व्हयनात, सांग त्यास्ले." वर तीन बोटंही दाखवलीस. डॉक्टर मान खाली घालून चिठ्ठी लिहीत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय आई?" आणि मी चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "सकाळपासून दुखतंय." तीन दिवस म्हटलं तर तुला ठेवून घेतील हे मला माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी आमची शाळेची सहल होती, तापीकाठच्या प्रकाशा गावाला. तुला ठेवलं असतं तर मलाही तिथेच थांबावं लागलं असतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाही थांबलं तर उद्या घेऊन ये म्हणाले. बाहेर पडताना तू माझ्याकडे बघून हसलीस. पोरीने काम नीट केलं, असं तुला वाटलं असणार. एवढ्याशा पोरीला काय कळतंय, असं कुणीही म्हणेल. पण मला कळत होतं, माय. दुसऱ्या दिवशी तू भिंतीला टेकून, ओठ चावत म्हणालीस, "जाय बेटा, मी बरी शे." मी गेले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

बाई आता शुद्धीवर आली आहे. ताप आहे, नाडी धावते आहे. दोन दिवस गेल्याशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही. रविवारी माइकवर काय बोलेन तेही ठाऊक नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? आणि तुला कुठे वाचता येत होतं! वाचून दाखवायला मीच लागले असते, आणि मी पुन्हा एक वाक्य गाळलंच असतं, हे शेवटचं. त्या दिवशी प्रकाशाला मला खूप मजा आली.