शॉकअप माझ्या मापाचे

४ मे. सकाळी.
मुलगा सुधारला. ट्रेलरला शॉकअप बसवणार आहे.
ट्रेलर म्हणजे आमच्या अंगणात ताडपत्रीखाली असतो तो. गाडीच्या मागे अडकवून न्यायची खोली. आत दोन पलंग, शेगडी, मोरी, भिंतीला कपाटं. खाली नुसते लोखंडी पाटे. खड्डा आला की आतलं सगळं नाचतं. शॉकअप लावले की उडायचं ते चाक उडतं, खोली आपली लोण्यावरून गेल्यासारखी जाते. मला हे सगळं कळतं. शाळा चौथीपर्यंत, त्यातही तिसरी गोवरात गेली, पण आमच्या यांचा टेम्पो होता. जन्मभर त्याची कुरकुर ऐकली. यांचीही.
गेल्या वर्षी मला समुद्रावर नेलं नाही. आई, तुझी कंबर, वाटेत फार झटके बसतात, म्हणाला. आणि यंदा झटकेच काढून टाकतोय. तोंडाने म्हणाला की गेल्या वेळी काचेच्या ताटल्या फुटल्या, म्हणून. लहानपणापासून लाजरा. आईसाठी करतोय असं बायकोसमोर म्हणेल कसा. मीही ओळखलं नाही असं दाखवलं.
समुद्र मी पाहिलेला नाही. यांनी लग्नात कबूल केला होता. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत एकदाचे गेले, ते एकटेच, आणि भलतीकडेच.
संकल्प: यंदा समुद्र. त्यासाठी रोज कंबरेचा व्यायाम. उद्यापासून.

५ मे.
व्यायाम राहिला. मिस्त्री येणार म्हणून अंगणात बसावं लागलं. मिस्त्री आला नाही.

७ मे. दुपारी.
मिस्त्री आला. आधी पोट ट्रेलरखाली गेलं, मग तो गेला. वर चौकटीला शॉकअप अडकवायला एक लोखंडी कान, खाली ॲक्सलला एक कान वेल्ड करायचा, मध्ये शॉकअप तिरका बसवायचा म्हणाला. मी म्हटलं तिरका कशाला, सरळ लाव, पैसे सरळ घेतोस ना. तो म्हणाला, आजी, तुम्ही चहा ठेवा.
चहा घेताना त्याला सांगितलं की हे सगळं माझ्यासाठी चाललंय, मी आत असणार. तो म्हणाला, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवत नाहीत आजी, पोलीस धरतात. मी म्हटलं, बसायचंय कोणाला, मी झोपणार आहे.
तो सुनेकडे बघून हसला. सूनही हसली. ती सहसा हसत नाही, दात पुढे आहेत.
व्यायाम उद्यापासून नक्की.

९ मे.
आज फार मोठं काम केलं.
गाडीत पाच जागा. मुलगा, सून, नात, धाकट्या नातवाची ती पट्ट्यांची खुर्ची. उरली एक. आजवर मला वाटायचं ती माझी, आणि ती मिळणार की नाही या काळजीने जीव टांगणीला. आता मला ती काय करायची? मी मागे पलंगावर आडवी, खिडकीचा पडदा सारून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. वाटलं तर हात करीन, नाही वाटलं तर नाही.
म्हणून विहीणबाईंना फोन लावला. सुनेची आई. बाई तशी वाईट नाही, नुसती कंटाळवाणी. दोन्ही गुडघे नवे बसवलेत आणि त्याचंच सांगत असते. घोरते. गाडीत उलटी होते. शिवाय माझ्यापेक्षा बारीक, पण ते आजारपणामुळे. म्हटलं, विहीणबाई, पाचवी जागा तुम्हीच घ्या. माझ्यासाठी मुलाने मागे स्पेशल करून घेतलंय.
मग म्हणाल्या, मागे म्हणजे ट्रेलरात? म्हटलं, हो, झोपून. मग म्हणाल्या, तुमचं मन फार मोठं हो. म्हटलं, आहेच.
जळून कोळसा झाल्या असतील. मला दुपारी छान झोप लागली.
सुनेला सांगितलं तर म्हणाली, नक्की ना आई? माझ्या आईला पक्कं कळवल्यावर शब्द फिरवू नका. मी म्हटलं, माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने लगेच आईला फोन लावला.
संध्याकाळी मुलगा खोलीत आला. आई, अगं ट्रेलरमध्ये, असं काहीतरी म्हणायला लागला. मी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. म्हटलं, तू माझ्यासाठी किती करतोस ते सगळं माहीत आहे मला. त्याला भरून आलं असावं. मान खाली घालून निघून गेला. दारात सून उभी होती, तिला म्हणाला, तूच सांग. ती म्हणाली, मी कशाला वाईट होऊ?
गुणी आहेत दोघं.

१२ मे.
शॉकअप बसले. थोडं सामान भरून मैदानापर्यंत फिरवून टेस्ट घेतली. मला आत बसायचं होतं. मुलगा म्हणाला, आधी अंड्यांवर बघू. आईच्या आधी अंडी. काळजी म्हणतात ती ही.
वाडग्यात अंडी ठेवली, नातीची आयडिया. परत आले तेव्हा सगळी फुटलेली. एक तर वरच्या बंद कपाटात सापडलं. ते तिथे कसं गेलं कोणी सांगेना.
मिस्त्री म्हणाला, माप रिकाम्या ट्रेलरवर घेतलं, हे चुकलं. सामान भरलं की पाटे खाली बसतात, शॉकअप आत दबून तळाला टेकतो. मग तो शॉकअप नाही, काठी. मी म्हटलं, मी सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं, पण सांगणार होते.
रात्री अंडी. उद्या सकाळीही अंडी.

१४ मे.
आजचा दिवस सोन्याचा.
नवं माप घ्यायचं म्हणून ट्रेलर प्रवासासारखा भरला. पाण्याचे कॅन, भांडी, नव्या काचेच्या ताटल्या, गाद्या. मिस्त्री म्हणाला, अजून वजन पाहिजे, परत येताना खरेदी बिरेदी असेल. सून म्हणाली, मग आईंना चढवा. तिघांनी मिळून चढवलं.
वर मी, खाली मिस्त्री टेप घेऊन. ब्लाउजाचं माप घेताना शिंपी घेतो तसं. आजी, हलू नका. आजी, जरा चाकाच्या बाजूला सरका. आजी, श्वास घ्या पण बेताने. अशी दुसरी बाई दाखवा, जिच्या मापाने शॉकअप बेतलेत.
मग सगळे जेवायला गेले. दाराला बाहेरून कडी. आत जरा गरम झालं, पण मी हाक मारली नाही. माप बिघडलं असतं. उतरवायला आले तेव्हा नात म्हणाली, अय्या, आजी राहिलीच.
मिस्त्रीने वजन विचारलं, त्याला लिहून ठेवायचं होतं. पंचावन्न सांगितलं. परक्या पुरुषाला बाईने वजन खरं सांगायचं नसतं. त्याने पाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पंचावन्न लिहिलं.
जाताना मुलाला बजावून गेला, या वजनावर बेतलंय, पलंग रिकामा नेलात तर मागून उड्या मारेल. मी सुनेला म्हटलं, ऐकलंस? माझ्याशिवाय ट्रेलर हलत नाही. ती म्हणाली, ऐकलं. करू काहीतरी सोय.

१८ मे.
रोज दुपारी प्रॅक्टिस. मी पलंगावर आडवी, नात बाहेरून बंपरवर पाय देऊन हलवते. ती दमली की मी डोळे मिटून मनाने जाते. काल बरीच लांब गेले.
उशी, गोळ्या, निळी चादर नेऊन ठेवली. पलंगाखाली सुनेने ताटल्या ठेवल्यात, टॉवेलात गुंडाळून. आई, पाय जपून, म्हणाली. माझ्या पायांची काळजी करतात सगळे.
नव्या मापाने शॉकअप बसवून अंडी परत फिरवली, या वेळी अगदी हळू. एकही फुटलं नाही. मला शेवटच्या दिवसापर्यंत आत बसून फिरवणार नाहीत, म्हणे सरप्राइज.
व्यायामाची आता गरज नाही. शॉकअप आहेत.

२१ मे. रात्री.
विहीणबाई आल्या. मी त्यांना ट्रेलर दाखवला, पलंग दाखवला, शॉकअपसुद्धा दाखवले. त्या वाकू शकत नाहीत, तरी वाकायला लावलं. म्हणाल्या, छान आहे हो. मग माझा हात धरून काहीतरी सांगणार होत्या, तेवढ्यात सुनेने त्यांना आत बोलावलं.
समुद्र उद्या.

२२ मे. सकाळी १०.
घर शांत आहे.
पहाटेच जाऊन पलंगावर आडवी झाले होते. केस विंचरून, नवी चप्पल घालून. मिस्त्री दोन गोण्या घेऊन आला. वाळूच्या. पंचावन्न किलो मोजून आणलेत, म्हणाला. मी म्हटलं, ठेव कोपऱ्यात. तो म्हणाला, आजी, ठेवायचंय तिथे तुम्ही आहात.
मग मुलाने सांगितलं. कायदा आहे आई, चालत्या ट्रेलरमध्ये माणूस चालत नाही, मी सांगणारच होतो. मी म्हटलं, मग गाडीत बसते. गाडीत बघितलं तर विहीणबाई बेल्ट लावून डोळे मिटून बसलेल्या. झोपलेलं माणूस तसं डोळे घट्ट मिटत नाही. सून म्हणाली, आई, तुमचाच शब्द, काळ्या दगडावरची रेघ.
मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. अगदी यांच्यासारखं म्हणाला. आवाजही तोच.
गोण्या पलंगावर आडव्या ठेवल्या. गळू नयेत म्हणून खाली माझी निळी चादर. नातीने खडूने वरच्या गोणीवर आजी असं लिहिलं. अक्षर सुधारलंय तिचं.
असो. झाडांना पाणी लागतं, मांजराला दूध लागतं. जबाबदारीचं काम कोणावरही सोपवत नाहीत. आणि समुद्र म्हणजे काय, खारट पाणीच.

२३ मे.
झाडांना पाणी घातलं. मांजर माझ्याकडे बघत नाही.

२४ मे. सकाळी.
मुलाचा फोन. ट्रेलर वाटभर उड्या मारत गेला. नव्या ताटल्या झाडून सगळ्या फुटल्या. मागून धक्के बसून विहीणबाईंना तीनदा उलटी झाली. मला वाईट वाटलं. दोनदा झाली असती तरी चाललं असतं.
मग म्हणाला, आई, खरं सांग, तुझं वजन किती?
पोटचा पोरगा, त्याच्याशी काय लपवायचं. अडुसष्ट, म्हटलं. हां, तरीच, म्हणाला. आता करतो बरोबर. आणि फोन ठेवला.
म्हणजे पटलं त्याला. गोण्या त्या गोण्या, माणूस ते माणूस. न्यायला निघाला असणार. विहीणबाईंना उतरवतील कुठेतरी. बॅग भरली, नवी चप्पल घातली. पायरीवर बसून हे लिहितेय. गाडीचा आवाज आला की वही बंद करते.

२४ मे. अंधार पडल्यावर.
शेवटी मीच फोन लावला. मागे कसला तरी आवाज येत होता, मोठा स्टो भडकल्यासारखा. म्हटलं, आधी तो टीव्ही बंद कर. म्हणाला, टीव्ही नाही गं, समुद्र आहे.
कुठवर आलास, विचारलं. कुठे यायचंय, म्हणाला. परतीच्या वाटेसाठी तिसरी गोणी भरतोय, तेरा किलो कमी पडत होते ना.
म्हटलं, एवढी वाळू मिळेल का तुला?
म्हणाला, आई, इथे वाळूला काय तोटा.